बाटलीवरचे नाव आणि नखावरचे रसायन

बनावट मालाविषयी आपल्याकडे जी चर्चा होते ती जवळजवळ नेहमीच नाममुद्रेच्या मालकाच्या बाजूने होते. कोणत्या कंपनीचा किती धंदा बुडाला, कोणत्या गोदामातून किती खोकी जप्त झाली, सरकारचा किती कर चुकवला गेला, हे हिशेब अगत्याने मांडले जातात. अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधींचे कार्यालय ‘कुप्रसिद्ध बाजारां’ची यादी प्रसिद्ध करते. तीत दिल्लीचा टँक रोड व मुंबईचे हिरा पन्ना यांची नावे येऊन गेली आहेत. वृत्तपत्रे ती यादी छापतात, एखाददुसरा छापा पडतो आणि विषय मिटतो. तो बनावट माल प्रत्यक्ष ज्या शरीराला लागतो, त्या शरीराचा उल्लेख या व्यवहारात कोठेही नसतो.

जेल नेलपॉलिश हे याचे बोलके उदाहरण आहे. विषय क्षुल्लक वाटेल, प्रशासनावरील लेखांच्या वाचकाला कदाचित हास्यास्पदही. पण दिल्ली, इंदूर, बंगळूर, आपण कोठेही राहत असा. घराजवळच्या कोपऱ्यावरील पार्लरमध्ये एखादी वीस-बावीस वर्षांची मुलगी दिवसभर परक्या बोटांवर वाकून बसलेली असते. माझा आक्षेप तिच्या संदर्भात आहे. आपला कायदा बाटलीवर कोणाचे नाव आहे एवढे विचारतो. धोका मात्र बाटली उघडल्यानंतर जे घडते त्यात आहे, आणि त्या घडण्याचे पालकत्व शासनातील कोणत्याही विभागाकडे नाही.

हे समजण्यासाठी थोडे रसायनशास्त्र पाहावे लागेल. नेहमीचे नेलपॉलिश म्हणजे द्रावकात विरघळवलेला लेप. द्रावक हवेत उडून जातो, लेप नखावर राहतो. ती बाटलीत असतानाच पूर्ण झालेली वस्तू आहे. जेलचे तसे नाही. बाटलीत असतात ती अॅक्रिलेट व मेथाक्रिलेट जातीची, एकमेकांशी अद्याप न जुळलेली द्रव्ये, म्हणजे मोनोमर, आणि त्यांचे अधिक लांबीचे सोबती. त्यांत प्रकाश पडताच साखळी जुळवण्यास आरंभ करणारे एक द्रव्य मिसळलेले असते. बोट अतिनील दिव्याखाली धरले की ही द्रव्ये जुळतात व कठीण पापुद्रा तयार होतो. म्हणजे उत्पादनाची अखेरची पायरी कारखान्यात घडतच नाही. ती पार्लरमधल्या टेबलावर, गिऱ्हाइकाच्या नखावर, मिनिटाभरात घडते.

ती पुरी झाली तर पापुद्रा बव्हंशी निरुपद्रवी असतो. अपुरी राहिली तर न जुळलेले मोनोमर उरतात. त्यांपैकी सर्वांत परिचित म्हणजे हायड्रॉक्सिइथाइल मेथाक्रिलेट, ज्याला धंद्यात ‘हेमा’ म्हणतात. (नाव मोठे सोज्वळ आहे.) हे रेणू लहान असल्याने त्वचेत सहज शिरतात आणि काही जणांच्या शरीरात त्यांच्याविरुद्ध कायमची अॅलर्जी निर्माण करतात. बोटांची टोके खाजतात, भेगाळतात, नख तळापासून सुटू लागते. हात चेहऱ्याला लागला की पापण्या सुजतात. एकदा जडलेली ही अॅलर्जी सहसा जन्मभर राहते. पुढे दाढ भरताना वापरले जाणारे रेझिन, गुडघा बदलताना लागणारे हाडांचे सिमेंट, मधुमेहींच्या दंडावरील संवेदकाचा चिकट पट्टा, यांतही त्याच कुळातील द्रव्ये असतात, हे त्या मुलीला कोणी सांगितलेले नसते. अमेरिकेतील संपर्कजन्य त्वचाविकारांच्या तज्ज्ञसंस्थेने २०१२ साली अॅक्रिलेटांना ‘वर्षाचे अॅलर्जीकारक’ म्हणून निवडले होते. ब्रिटनच्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये नखप्रसाधनांच्या संदर्भात जाहीर इशारा दिला. तेव्हा हे ज्ञान नवीन नाही.

गिऱ्हाईक महिन्यातून एकदा येते. पार्लरमधली मुलगी दिवसातून आठ वेळा तेच करते. दिव्याखालून बोट बाहेर आले की पापुद्र्यावर एक चिकट थर राहतो, कारण हवेतील ऑक्सिजन वरच्या थराला जुळू देत नाही. तो थर ती कापसाने पुसते आणि तोच कापूस तिच्या चिमटीत असतो. जुना लेप कानशीने घासताना उडणारी भुकटीही तिच्याच हातावर व चेहऱ्यावर बसते. हातमोजे असलेच तर रबराचे किंवा व्हिनाइलचे, ज्यांतून हे मोनोमर पाहता पाहता पार होतात. नायट्राइलचे मोजे थोडा वेळ टिकतात, पण तेही वरचेवर बदलावे लागतात.

स्वस्त व बनावट माल या चित्रात नेमका येथे शिरतो. कोणत्या द्रव्याला कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश लागतो हे ठरलेले असते. बाजारातील दिवे सामान्यतः ३६५ व ४०५ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश देतात. प्रामाणिक उत्पादक आपले जेल कोणत्या दिव्याखाली किती सेकंद धरावे हे तपासून सांगतो. बनावट बाटलीत नक्की काय आहे हे ती भरणाऱ्यालाही ठाऊक नसते. मग दिवा जुळणार कशाशी? त्यात दिव्याच्या खोक्यावर छापलेले वॅट विजेचा खप सांगतात, नखापर्यंत पोहोचणारा प्रकाश नव्हे. वरून पापुद्रा टणक लागतो, आत कच्चा राहतो, आणि हे डोळ्यांना कळत नाही.

आता कायदा पाहू. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० च्या कलम १७-डी मध्ये ‘बनावट प्रसाधन’ कशाला म्हणावे हे सांगितले आहे. दुसऱ्या प्रसाधनाच्या नावाने बनवलेले, दुसऱ्याची नक्कल असलेले, लेबलावर अस्तित्वातच नसलेल्या उत्पादकाचे नाव असलेले, भलत्याच उत्पादकाचे म्हणून खपवलेले. बारकाईने वाचले तर ही सारी व्याख्या नावाभोवती फिरते. २००८ च्या दुरुस्तीने आलेले कलम १७-ई भेसळीविषयी आहे. त्यात घाण, अस्वच्छता, निषिद्ध रंग, अपायकारक द्रव्य यांचा विचार आहे. दोन्ही गुन्ह्यांना तीन वर्षांपर्यंत कारावास आहे, म्हणजे शिक्षेची उणीव नाही. उणीव कल्पनेची आहे. जेलमधील ‘हेमा’ ही भेसळ नव्हे, तोच मुळी त्या वस्तूचा घटक आहे. अपाय होतो तो प्रक्रिया अर्धवट राहिल्यामुळे, आणि प्रक्रिया या शब्दाला या कायद्यात जागाच नाही, कारण प्रसाधन म्हणजे कारखान्यातून पूर्ण होऊन बाहेर पडलेली वस्तू हे त्यात गृहीत धरलेले आहे. सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० यांनी आयात मालाची नोंदणी, उत्पादनाचा परवाना, भारतीय मानक ब्यूरोच्या मानकांचे पालन यांची व्यवस्था लावली. ती आवश्यकच होती. पण तीही बाटलीच्या बुचापाशी थांबते.

युरोपीय संघाने हा प्रश्न निराळ्या रीतीने हाताळला. २०२० च्या विनियमाने ‘हेमा’ असलेली नखप्रसाधने केवळ व्यावसायिक वापरापुरती मर्यादित केली आणि अॅलर्जीचा इशारा लेबलावर बंधनकारक केला. म्हणजे वस्तू कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न कायद्यात आणला. पुढे टीपीओ या प्रकाशारंभक द्रव्याचे वर्गीकरण प्रजननास घातक असे झाल्यावर १ सप्टेंबर २०२५ पासून त्यावर संपूर्ण बंदी आली. उरलेला साठा विकून टाकण्यास मुदतही देण्यात आली नाही. येथे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला एक साधा प्रश्न पडतो. एका बाजारात ज्या मालाची किंमत एका रात्रीत शून्य होते, तो माल नाहीसा होत नाही. जेथे त्याला अजून किंमत आहे तिकडे तो जातो. तो आपल्या बंदरांत उतरला तर ओळखण्याची आपली सिद्धता काय आहे?

टीपीओच्या या उदाहरणातून आणखी एक गोष्ट उघड होते, जी मोठ्या कंपन्यांना रुचणार नाही. ते द्रव्य नामांकित बाटल्यांतही होते, आणि ‘हेमा’ही होते. तेव्हा ‘महाग ते सुरक्षित, स्वस्त ते विषारी’ हे समीकरण जाहिरातीचे आहे, विज्ञानाचे नव्हे. बनावट मालाविरुद्धच्या मोहिमा आरोग्याच्या नावाने चालवून बाजारातील हिस्सा राखण्याचा उद्योग सरकारी खर्चाने होऊ नये. गरीब मुलीने स्वस्तात नखे रंगवली तर त्यात निंद्य काही नाही. स्वस्त माल सुरक्षितही असावा, ही मागणी वेगळी आहे आणि तिला वकील नाही.

जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले की, विकणाऱ्याला गुण ठाऊक आणि घेणाऱ्याला अज्ञात असेल, तर चांगला माल बाजारातून हळूहळू हद्दपार होतो. जेलच्या बाजारात तर विकणाऱ्यालाही ठाऊक नसते! अशा ठिकाणी कर-धोरणाने आगीत तेल ओतू नये एवढी तरी अपेक्षा असते. २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात सौंदर्यप्रसाधनांवरील मूळ सीमाशुल्क १० वरून २० टक्के झाले. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर धरला, तर १०० रुपयांचा माल अधिभार सोडूनही १४१ रुपये ६० पैशांना पडतो. हा फरक म्हणजे चोरवाटेने आणणाऱ्याला आपण दिलेले अनुदानच होय.

त्यानंतर २२ सप्टेंबर २०२५ पासून पार्लरच्या सेवांवरील कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला, मात्र खरेदीवरील कराची वजावट बंद झाली. ग्राहकाला दिलासा मिळाला, त्याचे स्वागत. पण या सुधारणेची एक बाजू मला कोठे चर्चिलेली दिसली नाही. वजावट होती तोवर नोंदणीकृत पार्लरला पक्के बिल मागण्याचे एक स्वार्थी कारण होते. आता बिल मागितले काय, न मागितले काय, खर्च वाढतोच. उलट बिलाशिवाय घेतलेली बाटली स्वस्त पडते. बाटली कोठून आली हे सांगणारा एकमेव कागद बिल असतो, आणि तोच मागण्याचे कारण आपण काढून घेतले.

उरली अंमलबजावणी. औषध निरीक्षकांच्या अपुऱ्या संख्येबद्दल डॉ. माशेलकर समितीने २००३ सालीच लिहिले होते; २०० विक्रीकेंद्रांमागे आणि ५० उत्पादन घटकांमागे एक निरीक्षक हे प्रमाण त्या अहवालात धरले होते. छिंदवाड्यात २०२५ साली खोकल्याच्या औषधाने लहान मुले दगावल्यानंतर कोणत्याही शहाण्या निरीक्षकाने आपला वेळ नेलपॉलिशवर घालवू नये, हे मी स्वतःच म्हणेन. त्याच्यावर आणखी एक ओझे टाकणे हा उपाय नव्हे.

कामगार कायद्यांची स्थिती अधिक चमत्कारिक आहे. रसायनांच्या प्रत्यक्ष संपर्काने होणारा त्वचादाह हा अधिसूचित व्यवसायजन्य रोग आहे. जुन्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत तो होता, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यवसाय-सुरक्षा संहितेतही आहे. अनुसूचीत अॅलर्जी आणणाऱ्या द्रव्यांचा वेगळा उल्लेखसुद्धा आहे. म्हणजे त्या मुलीचा रोग कायद्याला ठाऊक आहे, पण ती मुलगी ठाऊक नाही. कारण संहिता सर्वसाधारणपणे दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू होते, आणि तिच्या पार्लरमध्ये तिघी असतात. बोटे सुजली की ती काम सोडते, मालकीण दुसरी मुलगी ठेवते. कौशल्यविकासाच्या अभ्यासक्रमांतून नखतंत्रज्ञ घडवण्यास शासन प्रोत्साहन देते, ते योग्यच आहे. पण ज्या धंद्यात आपण मुलींना पाठवतो त्या धंद्यातील रोगाची मोजदाद तरी आपण ठेवावी की नाही?

यावर ‘पुन्हा इन्स्पेक्टर राज’ असा आक्षेप येईल हे जाणून आहे. मी त्या राजवटीचा चाहता नाही. तिचे अंतरंग बऱ्यापैकी जवळून पाहिले आहे. पण येथे एकही नवा निरीक्षक नको. सामाजिक सुरक्षा संहितेत धोकादायक व्यवसाय अधिसूचित करून एकच कामगार असलेल्या आस्थापनेलाही राज्य विमा योजना लागू करण्याचा अधिकार केंद्राकडे आहेच. नखांचे काम त्यात आणावे. योजनेखाली आलेली मुलगी बोटे घेऊन विमा रुग्णालयात गेली की नोंद आपोआप होईल, आणि कोणत्या शहरात कोणत्या महिन्यात रुग्ण वाढले यावरून बाजारात कोणता माल उतरला हे छाप्याविना कळेल. जेलच्या नोंदणीबरोबर ते कोणत्या दिव्याखाली किती वेळ धरावे हे जाहीर करण्याची सक्ती हवी आणि तो मजकूर बाटलीवर हिंदीत व त्या त्या राज्याच्या भाषेत हवा. केवळ इंग्रजीतील बारीक अक्षरे ती मुलगी वाचत नाही. व्यावसायिक वापराचा माल आणि घरगुती वापराचा माल वेगळा ठरवावा. ऑनलाइन विक्री करणाऱ्या मंचांनी नोंदणी क्रमांकाशिवाय जेल दाखवूच नये. हा क्रमांक तपासणे त्यांच्या संगणकाला मिनिटाचे काम आहे, आणि आपण केवळ मध्यस्थ आहोत ही सबब कमिशन घेणाऱ्याच्या तोंडी शोभत नाही.

अडचण आहे ती एवढीच की प्रसाधने आरोग्य मंत्रालयाकडे, विमा श्रम मंत्रालयाकडे, मंच ग्राहक व्यवहार विभागाकडे, शुल्क अर्थ मंत्रालयाकडे आणि अभ्यासक्रम कौशल्य मंत्रालयाकडे. पाच ठिकाणच्या टिप्पण्या एका फायलीत याव्या लागतील, आणि ती फाईल प्रथम कोणी उघडायची हे आजच्या घडीला ठरलेले नाही.