कारीचं काय?

‘द इन्क्रेडिबल्स’ आठवतोय ना? २००४ चा. ‘हम हैं लाजवाब’ नावाने हिंदीतही आलेला, शाहरुख आणि त्याच्या लेकाच्या आवाजातला. त्यात अख्खं सुपरहिरो कुटुंब बेटावर व्हिलनशी मारामारी करत असतं. मग घरी तान्हा जॅक-जॅक कुणाकडे? कारीकडे! कारी म्हणजे टीनएजर बेबीसिटर. सिनेमात ती भेटते ती फोनवरच. आधी फुल कॉन्फिडन्स, मग एकेक मेसेज जास्तच घाबराघुबरा. आपण हसतो आणि पुन्हा मारामारीकडे वळतो.

त्या फोनमागची रात्र ब्रॅड बर्डने ‘जॅक-जॅक अटॅक’मध्ये दाखवली. २००५ मध्ये सिनेमाच्या डीव्हीडीसोबत आलेली ही जेमतेम पाच मिनिटांची शॉर्ट फिल्म. माझं मत विचाराल तर मूळ सिनेमाइतकीच भारी!

कारी तयारीची पोरगी आहे. बाळ हुशार व्हावं म्हणून मोझार्टची सीडी लावते. (हे फॅड ज्या १९९३ च्या प्रयोगावरून आलं, तो बाळांवर नव्हे, कॉलेजच्या मुलांवर झाला होता आणि परिणाम टिकला दहा-पंधरा मिनिटं. असो.) मोझार्ट सुरू होतो आणि बाळ गायब! मग ते छताला, मग भिंतीतून आरपार, मग चक्क पेटलेलं, मग डोळ्यांतून लेझर. आई-बाबांचा फोन लागत नाही. पण ही पळून जात नाही हं. सकाळपर्यंत तिच्या एका हाताशी आग विझवायचा सिलिंडर असतो आणि दुसऱ्या हातात लेझर परतवायला आरसा. चेहरा पार उतरलेला, पण बाळ सुखरूप.

आता विचार करा. तिच्याकडे ना कुठली पॉवर, ना कॉश्च्युम, ना टीम. घरच्यांनाही ठाऊक नसलेल्या पॉवर्स तिने एकटीने, एका रात्रीत झेलल्या. आणि बक्षीस काय? सरकारी माणूस समोर बसवून तिची जबानी घेतो. ती म्हणते, मला हे सगळं विसरायचंय. तो मशीन काढतो आणि तिची आठवणच पुसून टाकतो. जॅक-जॅकची पहिली करामत पाहिलेली व्यक्ती रेकॉर्डमधून गायब!

दरवेळी मी इथपर्यंत खदाखदा हसते आणि इथे थोडी गप्प होते. आपण नऊ ते नऊ ऑफिसात ‘जग वाचवत’ असतो, तेव्हा आपली पिल्लं पाळणाघरातल्या मावशींकडे नाहीतर आजीकडे असतात. संध्याकाळी आपण विचारतो, ‘त्रास नाही ना दिला?’ त्या म्हणतात, ‘छे, गुणी बाळ आहे!’ आणि आपण लगेच विश्वास ठेवतो. कारण तोच सोयीचा असतो.

या वीकएंडला ही फिल्म जरूर बघा. आणि सोमवारी पिल्लू घ्यायला जाल तेव्हा गाडी बंद करा, पाच मिनिटं टेका आणि दिवसभरात काय काय झालं ते नीट ऐकून घ्या. पगार वाढवायचा विषय त्यांनी काढायच्या आधी तुम्हीच काढलात, तर फारच उत्तम!