जलगंध, वाळा आणि आपले उत्तरदायित्व

भोर-वेल्ह्याच्या भातखाचरांवर वळवाच्या पहिल्या सरी पडल्या की जो गंध उठतो, त्यास आपण सहजच 'पावसाचा वास' म्हणतो. शास्त्रदृष्ट्या गंध हा पृथ्वी महाभूताचा विशेष गुण आहे, जलाचा विशेष गुण रस होय. जलात जाणवणारा गंध हा पार्थिव अंशाचाच. १९६४ मध्ये बेअर व थॉमस या ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी या गंधाचे मूळ तापलेल्या माती-दगडांत साठलेल्या तेलकट द्रव्यांत दाखविले व त्यास 'पेट्रिकोर' हे नाव दिले.

हे स्मरण्याचे कारण असे की, पुरुषांसाठीची 'अ‍ॅक्वा' जातीची अत्तरे आता तालुक्याच्या बाजारपेठेतही दिसू लागली आहेत. प्रथम पाण्याचा गारवा आणि मागाहून लाकडाचा गंभीर दरवळ, असे त्यांचे स्वरूप. १९८८ मधील 'कूल वॉटर'मुळे ही पद्धत जगभर रूढ झाली. त्यातील ताजेपणा मुख्यत्वे डायहायड्रोमिर्सेनॉल या कृत्रिम द्रव्याचा आहे. समुद्राचा भास देणारे 'कॅलोन' हेही १९६६ मध्ये रसायनशाळेत सापडलेले द्रव्य. रसायनशाळेत निर्माण झाले म्हणून ते त्याज्य ठरत नाही. आक्षेप आहे तो अशा द्रव्यांच्या कुपीवर 'आयुर्वेदिक चंदन-वाळा' असे छापून ती औषधालयातून विकण्यास.

मागील उन्हाळ्यात एक तरुण मानेवर कंडू, दाह व आरक्तता घेऊन प्रस्तुत लेखकाकडे आला. अशीच एक कुपी त्याने एका औषधालयातून घेतली होती. वापर थांबविताच लक्षणे शमली. परंतु दोष कोणत्या घटकाचा, हे सांगता आले नाही, कारण कुपीवर केवळ 'सुगंधी द्रव्य' एवढेच लिहिलेले होते. युरोपीय संघाने २००५ पासून २६ गंधघटकांची नावे वेष्टनावर देणे बंधनकारक केले आणि २०२३ मध्ये ती यादी बरीच वाढविली. आपल्याकडेही नियम १६१ अन्वये आयुर्वेदिक औषधाच्या वेष्टनावर घटकांची यादी द्यावी लागते. मग औषधाचे नाव मिरविणाऱ्या अत्तराने मौन का बाळगावे?

वस्तुतः गार आणि काष्ठगंधी असा हा संयोग आपणांस नवा नाही. चरकाचार्यांच्या दाहप्रशमन महाकषायात चंदन, उशीर व ह्रीबेर एकत्र आहेत. षडंगपानीयातही उशीर-चंदन आहेच. माठात वाळ्याची जुडी टाकणाऱ्या घरांना हा गंध जन्मापासून परिचित आहे. कनौजचे कारागीर तर भाजलेल्या मातीचा गंध ऊर्ध्वपातनाने चंदनतेलात उतरवितात. जल, माती आणि काष्ठ यांचा याहून सुंदर मेळ कोणता?

काही व्यावसायिक बंधू म्हणतील की, ग्राहक मागतो ते ठेवावे लागते. मान्य आहे. अत्तर अवश्य ठेवावे, परंतु अत्तर म्हणूनच, वेगळ्या फळीवर. 'आयुर्वेदिक' हा शब्द ज्या कुपीवर असेल तिची घटकसूची पुरवठादाराकडून लेखी मागावी व ती न मिळाल्यास माल परत करावा. नैसर्गिक तेलही क्वचित कोणास सोसत नाही, हे ग्राहकास सांगावे. वैद्यांनी त्वग्रोगाच्या रुग्णास अत्तराविषयी आवर्जून विचारावे.

वाळ्याची खोल मुळे माती धरून ठेवतात. आपल्या उतारांच्या व अतिवृष्टीच्या प्रदेशात बांधांवर त्याची लागवड झाल्यास मृदसंधारण साधेल आणि निःसंदिग्ध द्रव्यही हाती येईल. चंदन दुर्मिळ होत असता हा विचार अधिकच अगत्याचा ठरतो.

रुग्ण आपल्या पाटीवरील शब्दावर विश्वास ठेवून पायरी चढतो. तो विश्वास एका कुपीच्या नफ्यासाठी गहाण पडू नये, एवढीच नम्र अपेक्षा.