धुराची वाट सायलेन्सरच्या तोंडापासून

तुळजापूर, धाराशिव, येरमाळा या सोलापूर-धुळे महामार्गावरील गावांत आणि पुणे-हैदराबाद महामार्गावरील नळदुर्ग-उमरगा पट्ट्यात रस्त्याकडेची पुष्कळशी गॅरेजे तीन बाजूंनी बंद असून त्यांना हवेसाठी समोरच्या शटरखेरीज दुसरी वाट नसते. पावसात वा थंडीच्या रात्री ते शटर निम्मे ओढून आत गाडीला रेस दिली जाते, आणि निम्मे उघडे शटर पुरेसे आहे, या समजुतीतच खरा घात आहे.

इंधन अपुरे जळाल्याने निर्माण होणारा कार्बन मोनॉक्साइड हा रंग व वास नसलेला वायू रक्तातील हिमोग्लोबिनला, म्हणजे प्राणवायू वाहून नेणाऱ्या घटकाला, प्राणवायूपेक्षा २०० हून अधिक पट घट्ट चिकटतो. त्याची घनता जवळजवळ हवेइतकीच असल्यामुळे तो छताशी साचत नाही की तळाशी बसत नाही, तर सगळीकडे मिसळतो. तोंडाला बांधलेला रुमाल त्याला अडवू शकत नाही. डिझेल इंजिनातून हा वायू कमी निघतो हे खरे, तथापि डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये जाहीर केले आहे.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम १४ ने स्थिर इंजिनाचा धूर उघड्या हवेतच सोडावा आणि अन्य इंजिने खोलीत चालवताना धूर साचणार नाही अशी परिणामकारक व्यवस्था करावी, असा दंडक घातला. परंतु त्या अधिनियमाची व्याप्ती कामगारसंख्येवर ठरत असल्याने दोन-चार माणसांची गॅरेजे त्याबाहेर राहिली, जरी जागा लहान असल्यामुळे धोका तेथेच अधिक होता.

म्हणून या मासिकाचा आग्रह असा की, भिंतीतल्या पंख्यावर विसंबू नये, कारण तो खोलीत मिसळून गेलेला धूर केवळ विरळ करतो. सायलेन्सरच्या तोंडाला उष्णता सोसणारा लवचीक पाईप जोडून धूर थेट बाहेर, शेजाऱ्यांच्या खिडक्यांपासून दूर, उंचावर सोडावा. ओढणारा पंखा पाईपच्या बाहेरच्या टोकाशी असावा, म्हणजे मध्ये एखादा जोड सैल झाला तरी धूर आत गळण्याऐवजी खोलीतील हवाच पाईपमध्ये ओढली जाते. जितकी हवा बाहेर जाते तितकी आत येण्यासाठी झरोकाही हवा.

काम करताना डोके जड झाले, मळमळ वा भोवळ आली, तर इंजिन बंद करून सर्वांनी तत्काळ बाहेर पडावे आणि बंद जागेत इंजिन चालू होते हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण बोटाला लावायचा ऑक्सिमीटर या वायूने व्यापलेले हिमोग्लोबिनही प्राणवायूयुक्तच समजतो आणि गुदमरलेल्या माणसाचाही आकडा ९८ दाखवू शकतो.