मार्लीचा टी-शर्ट आणि टॉशचं भांडण

जयंतीच्या वर्गणीची मीटिंग होती, घाटकोपरला. एक पोरगा बॉब मार्लीचं तोंड छापलेला टी-शर्ट घालून आला. आमचे एक साहेब, बँकेतून रिटायर झालेले, त्याच्यावर घसरलेच. "हा गांजेकस छातीवर घेऊन बाबासाहेबांच्या जयंतीच्या मीटिंगला येतोस? लाज वाटत नाही?" पोरगा खाली बघत म्हणाला, "काका, वन लव्ह आहे ते. सगळ्यांवर प्रेम करा, असं." सगळे हसले. मीटिंग पुढं सरकली, मंडपवाल्याचा भाव ठरला, चहा झाला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. साहेबांमुळं नाही, त्यांचं ऐकून कान किटलेत. पोराच्या उत्तरामुळं.

साहेबांचं आधी उरकून टाकतो. 'गांजा' हा शब्द जमैकात नेला कुणी? गुलामी कायद्यानं संपली, मळेवाल्या गोऱ्यांना फुकटचे हात मिळेनात, म्हणून १८४५ पासून हिंदुस्थानातून गिरमिटिया मजूर जहाजात भरून उसाच्या मळ्यांवर नेले. त्यांच्याबरोबर चिलीम गेली, शब्द गेला. आजही तिथं गांजाला गांजाच म्हणतात. नशेची वकिली मी करणार नाही, वस्तीतली पोरं नशेपायी गेलेली मी पाह्यलीत. पण 'गांजेकस' म्हणून अख्खा माणूस निकालात काढायचा, ही पद्धत पोलिसाची आहे. जमैकात जटा राखणारा गरीब काळ्यांचा पंथ आहे, रास्ता. १९६३ च्या एप्रिलात कोरल गार्डन्सच्या भांडणाचं निमित्त करून पोलिसांनी बेटभर रास्तांना धरून धरून मारलं, कोंडलं, जटा कापल्या. तेव्हाचे तिथले पांढरपेशे काळे साहेबसुद्धा हेच म्हणत होते, गांजेकस, घाणेरडे, आपलं नाव खराब करतात. २०१७ साली पंतप्रधानानं त्याची माफी मागितली. चोपन्न वर्षं लागली. आमच्या साहेबांना किती लागतील?

आता गाण्याचं. मला हे सगळं मुलुंड स्टेशनबाहेरच्या फुटपाथवर घेतलेल्या कॅसेटीतून कळलं. शब्द निम्मे कळत नव्हते. ठोका कळला. आपला कान हलगी-ढोलकीवर वाढलेला, त्याला ठोका सांगावा लागत नाही. रेगेत पहिली मात्रा रिकामी सोडतात. जिथं जोर येणार असं वाटतं तिथं काहीच नाही, आणि तिसऱ्या मात्रेवर ड्रम धपकन पडतो. गिटार दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत बोलते. म्हंजे ज्या जागेवर मालकाचा हक्क ती जागा मोकळी, आणि ज्या फटीत कुणी बघत नाही तिथून गाणं चालतं. हा अर्थ माझा आहे. वेलर्सचा ड्रमवाला कार्लटन बॅरेट असं काही म्हणाला नव्हता. पण त्याचं वाजवणं ऐका आणि मग सांगा.

रेगेच्या आधी स्का. जमैका १९६२ च्या ऑगस्टात स्वतंत्र झाला, त्या वर्षांचं हे गाणं. धावतं, उड्या मारतं, ट्रंपेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन पुढं. स्कॅटलाइट्स ही त्यातली सगळ्यात तगडी पार्टी, १९६४ ची. तिच्यातले टॉमी मकुक, डॉन ड्रमंड, जॉनी मूर, लेस्टर स्टर्लिंग शिकले कुठं, तर किंग्स्टनच्या अल्फा बॉईज स्कूलमध्ये. नन्सनी चालवलेली शाळा, गरिबांची आणि वाया गेली म्हणून टाकून दिलेली पोरं तिथं. आपल्याकडं लग्नाच्या बँडात लाल कोट घालून ट्रंपेट कुणाची पोरं फुंकतात ते मी सांगायला नको. त्यांना वरातीच्या पुढं चालवतात, पंगतीत बसवत नाहीत. अल्फाच्या पोरांनी तोच बाजा घेतला आणि देशाचं गाणं करून टाकलं.

डॉन ड्रमंडचा ट्रॉम्बोन ऐकला की पोटात कालवतं. पण त्याचं नाव घेताना मार्गारिटाचं नाव घेतल्याशिवाय पुढं जायचं नाही. ती त्याच्याबरोबर राहणारी, नाचणारी, स्वतःची गाणी करणारी बाई. १९६५ च्या जानेवारीत त्यानं तिला भोसकून मारलं, आणि १९६९ साली तो वेड्यांच्या इस्पितळात मेला. लोक त्याचं वेड आणि त्याची कला यावर हळहळतात. तिच्यावर कोण हळहळतं? आपल्या चळवळीतल्या घरांतही हा हिशेब उघडायचा राहिलाय.

डेस्मंड डेकर माझा लाडका. वेल्डर होता. मार्लीही त्याच वेल्डिंगच्या धंद्यात उमेदवारी करत होता, आणि गाण्याची वाट त्याला डेकरनं दाखवली. 'इस्रायलाइट्स' हे त्याचं १९६८ चं गाणं, सकाळी उठून पोटामागं धावणाऱ्या कफल्लक माणसाचं. १९६९ साली ते इंग्लंडात एक नंबरला गेलं. गोऱ्यांना शब्द कळेनात, तरी नाचले. हे लक्षात ठेवा. शब्द न कळता नाचणारे पुढं अजून येणार आहेत.

आणि टूट्स हिबर्ट. १९६६ साली जेलात गेला, बाहेर आल्यावर १९६८ ला '५४-४६ वॉज माय नंबर' केलं. माणसाचं नाव काढून घेऊन नंबर देतात त्याचं गाणं, आणि ते रडत नाही, चक्क नाचतं. 'रेगे' हा शब्द पहिल्यांदा रेकॉर्डवर आणला तोही ह्यानंच. बर्निंग स्पिअरचा 'मार्कस गार्वी' १९७५ चा. गार्वी, स्पिअर आणि मार्ली तिघं एकाच सेंट ॲन जिल्ह्यातले. गार्वी १९१६ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कला उतरला तेव्हा आपले बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. काही महिने दोघं एकाच शहरात होते, एक काळ्यांना हाक द्यायला आलेला, एक जातीची मुळं खणत बसलेला. स्पिअरचं गाणं लावलं की मला ते शहर आठवतं, मी कधी न बघितलेलं.

आता पोराच्या उत्तरावर येतो. वन लव्ह.

मार्ली १९८१ च्या मे महिन्यात कॅन्सरनं गेला, छत्तीस वर्षांचा. १९८४ साली कंपनीनं 'लेजंड' नावाचा गाण्यांचा संच काढला. जगभर खपला, अजून खपतोय. त्यात प्रेम, पाखरं, काळजी नको, असा माल भरपूर. 'स्लेव्ह ड्रायव्हर' नाही. 'बर्निन अँड लूटिन' नाही. 'वॉर' नाही. हे 'वॉर' म्हंजे इथिओपियाच्या हैले सेलासीनं १९६३ साली युनोत केलेलं भाषण जसंच्या तसं चालीवर बसवलेलं. वंशभेद आहे तोवर लढाई आहे, असं सांगणारं. तेच गायब! 'गेट अप, स्टँड अप' ठेवलंय, नाही कशाला म्हणू, पण गोड गाण्यांच्या मधे दाबून ठेवलं की तेही गोड लागतं. पुढं जमैकाच्या टुरिझम खात्यानं 'वन लव्ह' जाहिरातीला लावलं. या, समुद्र बघा, नारळपाणी प्या. अंधेरीत एका हॉटेलात मी हे गाणं ऐकलं. भिंतीवर मार्ली, खाली बिअर, आणि प्लेटा उचलणारा पोरगा आमच्याच वस्तीतला. त्याला 'ए' म्हणून हाक मारत होते. वन लव्ह!

दोस्तांनो, आपल्याकडं ह्या वन लव्हचं नाव समरसता आहे. १९८३ साली पुण्यात मंच निघाला तेव्हापासून हाच माल खपवतायत. समता म्हणायचं नाही, समरसता म्हणायचं. रस एक झाला पाहिजे. ऊस कुणी तोडला आणि गुऱ्हाळ कुणाचं, ते विचारायचं नाही.

जमैकात ह्याला उत्तर देणारा माणूस होता. पीटर टॉश. वेलर्स सुरू केली ती मार्ली, बनी वेलर आणि ह्यानं मिळून, ट्रेंचटाऊनच्या झोपड्यांत. १९७७ साली त्यानं 'इक्वल राइट्स' काढलं. सगळे शांतता शांतता करतात, मला समान हक्क आणि न्याय पाहिजे, असा त्याचा मतलब. पुढच्या साली, २२ एप्रिल १९७८, किंग्स्टनच्या स्टेडियमवर मोठा शांतता-जलसा झाला. दोन पक्षांचे गुंड रस्त्यारस्त्यात एकमेकांना मारत होते, म्हणून. मार्लीनं पंतप्रधान मॅन्ली आणि विरोधी पक्षाचा सीगा दोघांना स्टेजवर ओढून त्यांचे हात आपल्या हातात घेऊन वर धरले. तो फोटो जगभर गेला. मार्लीचा हेतू खोटा नव्हता. १९७६ साली त्याच्या घरात घुसून त्याच्यावर गोळ्या झाडल्या होत्या आणि दोन दिवसांनी तो पट्टी बांधून गायला उभा राहिला होता. त्याच्या छातीबद्दल मला कुणी सांगू नये. पण त्याच जलशात त्याच्या आधी टॉश उभा राहिला, आणि समोर बसलेल्या पुढाऱ्यांच्या तोंडावर त्यानं सुनावलं, की तुमची शांतता मला नको, गरिबाला हक्क द्या. गाणं थांबवून थांबवून बोलला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पोलिसांनी त्याला धरून मरणाचं बडवलं. त्याचा फोटो जगभर गेला नाही. आणि गुंडांची मारामारी? १९८० च्या निवडणुकीत पुन्हा शेकड्यांनी मेले.

मी हे घाटकोपरच्या पोराला का सांगतोय? कारण शांतता म्हंजे काय ते घाटकोपरला माहीत आहे. ११ जुलै १९९७. रमाबाई नगरात सकाळी बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला. लोक रस्त्यावर आले, राखीव पोलिसांनी गोळ्या घातल्या, दहा माणसं गेली. मग सगळीकडून एकच, शांतता राखा, शांतता राखा. चार दिवसांनी, १५ जुलैला, मुलुंडला आपल्या झोपडीत शाहीर विलास घोगरेनं कपाळाला निळी पट्टी बांधली आणि गळफास घेतला. झोपडपट्टी तोडायला आलेल्यांसमोर गाणारा माणूस. १९८५ च्या 'हमारा शहर' फिल्ममध्ये त्याचा आवाज आहे, आणि त्याच्या मरणापासून सुरू झालेली 'जय भीम कॉम्रेड' २०११ ला पुरी झाली. गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला २००९ साली जन्मठेप सांगितली, पुढं हायकोर्टात जामीन झाला. मीटिंगला बसलेल्या पोरांत किती जणांनी विलासचं गाणं ऐकलंय? मी विचारलं. टी-शर्टवाला म्हणाला, "कोण घोगरे?"

पण दोष त्या पोराचा एकट्याचा नाही. आपण जयंतीला भाड्यानं बॉक्स आणतो, रस्त्याला भिंत उभी करतो आणि त्याच्यावर काय लावायचं ते डीजेवाल्यावर सोडतो. किंग्स्टनच्या गरिबांनाही क्लबात कोण घेत नव्हतं. म्हणून त्यांनी रस्त्यावर बॉक्स लावले, त्याला साऊंड सिस्टिम म्हटलं. पण तिथं बॉक्सपुढं माइक घेऊन माणूस उभा असायचा, यू-रॉयसारखा, रेकॉर्डवर आपलं बोलणं घालणारा. आपल्याकडं भीमराव कर्डकांचा जलसा गावोगाव हेच करत होता. वामनदादा कर्डकांनी आयुष्यभर पेटी आणि आवाजावर हेच केलं. बॉक्स मोठा झाला आणि माइक गेला. साहेब म्हणतात बॉक्सच बंद करा. का म्हणून? रात्री दहानंतरचा कायदा बाकीच्यांना असाच लागतो का? बॉक्स राहू दे. माइक परत घ्या.

आणखी एक, भांडण घरातलंही आहे. १९७२ च्या निवडणुकीत मॅन्लीच्या पक्षानं डेलरॉय विल्सनचं 'बेटर मस्ट कम' प्रचाराला लावलं. गरिबाचं रडगाणं मतपेटीत गेलं. आपली भीमगीतं कुठल्या कुठल्या पक्षांच्या ट्रकवर वाजतात ते बघा आणि तोंड मिटून घ्या. दुसरं म्हंजे रास्तांनी हैले सेलासीचा देव केला. एका राजाचा! १९७४ साली दुष्काळानं गांजलेल्या त्याच्याच देशानं त्याला खाली ओढला. टॉशचं, मार्लीचं सगळं घ्या, हे घेऊ नका. २५ नोव्हेंबर १९४९ ला बाबासाहेबांनी घटना समितीत राजकारणातल्या भक्तीबद्दल बजावलंय. तरी आपल्या निम्म्या कॅसेटींत बाबासाहेबांना आरतीच चालू आहे. प्रल्हाद शिंद्यांचा गळा घ्या, चाल घ्या, पण पाया पडायला लावणारी गाणी सोडून द्या.

आणि इंग्लंडमधला लिंटन क्वेसी जॉन्सन सोडू नका. शाळेत असताना ब्लॅक पँथरमध्ये गेलेला, कविता रेगेवर म्हणणारा. २३ एप्रिल १९७९ ला लंडनच्या साऊथॉलमध्ये हिंदुस्थानी वस्तीत गोऱ्या फॅसिस्टांची सभा भरली. तिच्याविरुद्धच्या निदर्शनात पोलिसांच्या हातून ब्लेअर पीच नावाचा मास्तर मेला. जॉन्सननं त्याच्यावर गाणं केलं. एका काळ्यानं, हिंदुस्थान्यांच्या वस्तीसाठी मेलेल्या गोऱ्या मास्तरावर. जातीत गाडलेले आपले लोक तिथंही जात घेऊन गेले ते वेगळंच.

पुढची मीटिंग रविवारी आहे. मी विषय मांडणार. चौदा एप्रिलच्या रात्री अर्धा तास डीजे बंद, माइक आपल्या पोरांच्या हातात. आधी विलास घोगरे, मग वामनदादा, मग टॉशचं 'इक्वल राइट्स', त्याचा अर्थ मराठीत सांगून. साहेब नाही म्हणणार, वर्गणी काढून घेतो म्हणणार. टी-शर्टवाल्या, तू ये. तोच टी-शर्ट घालून ये. अर्थ तू सांगायचास.