तार जप्त, विषय संपला?

बंदुकीची केस आली की आपलं वनखातं खडबडून जागं होतं. काडतुसं शोधली जातात, हत्यार तपासणीला जातं, वरून फोन येतात. तीच शिकार फासकीने झाली असेल, तर पंचनाम्यात 'एक तार जप्त' एवढ्यावर भागतं. हा भेद कायद्याने केलेला नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात शस्त्राच्या व्याख्येत धनुष्यबाण, चाकू, जाळी, विष, फासे आणि बंदुका एकाच ओळीत बसल्या आहेत, आणि शिकारीच्या व्याख्येत नुसता प्रयत्नही येतो. साधं हत्यार म्हणजे साधा गुन्हा, ही समजूत आपली.

साध्या हत्यारांविषयी आपल्याला थोडं कौतुकही असतं. तिरकामठा घेऊन निघालेला माणूस जनावराला संधी देतो, असं म्हणतात. त्यात तथ्य नाही असं नाही. बाणाने मरण येतं ते रक्त जाऊन, म्हणून फार जवळ जावं लागतं आणि नेम हुकला तर जखमी जनावराच्या मागे फिरावं लागतं. कलहारीतले सान शिकारी बाणाला भुंगेऱ्याच्या अळीचं विष लावतात. ते सावकाश चढतं. मोठं जनावर पडायला कधी कधी दिवस उलटतो आणि तेवढा वेळ माणूस मागावर असतो. अमेरिकेत विस्कॉन्सिनने १९३४ साली धनुर्धाऱ्यांसाठी हरणांच्या शिकारीचा वेगळा हंगाम सुरू केला. तिथल्या शिकाऱ्यांमध्येही किती अंतरावरून बाण सोडणं रास्त, यावर आजवर वाद आहेत. यातना तिथेही आहेतच. पण निदान शिकारी तिथे हजर असतो, आणि आपण काय केलं ते त्याला बघावं लागतं.

म्हणून आपल्याकडे ती शिकार क्षम्य ठरते असं मुळीच नाही. २००६च्या वनहक्क कायद्याने पारंपरिक हक्क देताना शिकार स्पष्टपणे वगळली आहे. झारखंडात दलमाच्या डोंगरावर होणाऱ्या सेंद्रा या आदिवासींच्या पारंपरिक सामूहिक शिकारीच्या वेळी तिथल्या वनकर्मचाऱ्यांना परंपरा आणि कायदा यांच्यामध्ये उभं राहावं लागतं. ते काम सोपं नाही.

फासकी लावणारा मात्र घरी झोपलेला असतो. दुचाकीची क्लच वायर, एक सरकती गाठ, कुंपणातली डुकराची वाट आणि तार बांधायला एखादं खोड, एवढ्यावर काम होतं. तारेला डुक्कर कळत नाही आणि बिबट्याही कळत नाही. बिबट्या बहुधा कमरेत अडकतो. जितका ओढतो तितकी गाठ आवळते. सकाळी बघ्यांचा गराडा पडतो आणि जनावर आणखी हिसके देतं. सुटका झाल्यावर वरून खरचटल्यासारखं दिसतं. आत स्नायू आणि अवयव चिरडलेले असू शकतात. आमच्या पशुवैद्यक वाचकांना हे सांगायला नको, पण 'किरकोळ जखम, त्याच दिवशी मुक्त' ही नोंद वाचली की पोटात गोळा येतो.

फासकी सापडली की आधी पारध्यांच्या पालावर जायची खोडही सोडायला हवी. तार ज्या बागेच्या कुंपणाला आहे, चौकशी तिथून सुरू व्हावी. अर्थात, त्या बागायतदाराचं भात डुकरांनी रात्रीत लोळवलेलं असतं, हेही खरं. नुकसानभरपाईचा अर्ज महिनोन्‌महिने टेबलावर पडून राहिला, तर तो तारेकडे वळणारच. कलम ११ खाली उभ्या पिकासाठी परवानगीची वाट आहे. ती शेतकऱ्याला कोणी समजावून सांगत नाही, हा दोष आपल्याकडे येतो.

बिबट्या अनुसूची एकमधला प्राणी आहे आणि त्याच्या शिकारीला ३ ते ७ वर्षांचा कारावास आहे. 'डुकरासाठी लावली होती' हे ऐकून फाईल बंद करू नका. तारेची लांबी, जाडी, गाठ, जमिनीपासूनची उंची आणि कशाला बांधली होती, हे सगळं पंचनाम्यात फोटोसह येऊ द्या. भात पोटरीत येण्याआधी कुंपणांची एक फेरी गावकऱ्यांना सोबत घेऊन करा, आणि सुटलेलं जनावर पशुवैद्यकाच्या सहीशिवाय सोडू नका.