शाळा सुटल्यावर शाळेची किल्ली कोणाकडे?



पाच वाजता घंटा होते. मुलं ओरडत पळत सुटतात. आपण खिडक्या लावतो, कुलूप घालतो आणि गाडी काढतो. फाटकातून बाहेर पडताना चार-पाच मुलं अजून पायरीवरच बसलेली दिसतात. त्यांना घरी जायची घाई नसते, कारण घरी कुणी नसतं. आई-वडील शेतातून सातला येणार. "काय रे, घरी जायचं नाही का?" असं आपण विचारतो आणि उत्तर ऐकायच्या आत निघूनही जातो. निदान मी तरी कित्येक वर्षं असंच केलं.

त्या पायरीवरच्या मुलांबद्दल आज लिहायचं आहे. तुमच्याही शाळेला अशी पायरी असेलच.

आधी थोडं गणित करू. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन व्हायला हवं. आपल्या शाळा त्याहून जास्त भरतात, म्हणून आपण १,००० तास धरू. वर्षाचे एकूण तास ८,७६०. मूल रोज १० तास झोपतं असं धरलं तरी जागेपणाचे ५,११० तास उरतात. त्यातले १,००० आपल्याकडे, आणि ४,००० च्या वर तास आपल्या हाताबाहेर. आपली सगळी प्रशिक्षणं, चाचण्या, अध्ययन निष्पत्ती त्या पाचव्या हिश्शाभोवती फिरतात. उरलेल्या चार हिश्शांत एक मूल गोष्टीची पुस्तकं चाळतं, शिकवणीला जातं, बाबांबरोबर बाजारात जाऊन हिशोब करतं. दुसरं मूल धाकट्या भावाला कडेवर घेऊन पाणी भरतं. वर्गातला जो फरक आपण "हुशार" आणि "मागे पडलेला" या शब्दांत सांगतो, तो बराचसा या तासांत तयार होतो असं माझं स्पष्ट मत आहे.

जादा तास कोणासाठी?

तुम्ही म्हणाल, आम्ही जादा तास घेतोच की! हो, मीही घेत होते. शिष्यवृत्तीचे, नवोदयचे. पण खरं सांगा, त्यात कोण असतं? माझ्या वर्गात २६ मुलं होती आणि जादा तासाला ५. ज्यांना आधीच येत होतं, तीच ५. निकाल लागला की गावात फलक लागतो, पेढे वाटले जातात आणि आपल्यालाही बरं वाटतं. एक दिवस खिडकीतून एका मुलीने विचारलं, "मॅडम, मला कधी बोलवणार?" ती मुलगी कधीच शिष्यवृत्तीला बसणार नव्हती. काय उत्तर देणार?

परीक्षेची तयारी करून घेऊ नये असं मी म्हणत नाही. पण शाळेनंतरचा सगळा वेळ, सगळा उत्साह त्या पाच जणांवर खर्च होत असेल आणि बाकी २१ जण पायरीवर बसत असतील, तर ते चूक आहे.

माझ्या दोन चुका

शाळा व्यवस्थापन समितीत ठराव घेऊन आम्ही सोमवार, बुधवार, शुक्रवार एक तास शाळा उघडी ठेवायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी ३१ मुलं आली. वर्गापेक्षा जास्त! दुसऱ्या आठवड्यापासून मोठ्या मुली दिसेनात. मला वाटलं, त्यांना आवड नाही. मग एकीला रस्त्यात गाठून विचारलं. ती म्हणाली, "तुम्हीच म्हणालात ना, लहान पोरांना आणू नका."

खरंच, मीच म्हणाले होते. गोंधळ होतो म्हणून. त्या मुलींना संध्याकाळी भावंडं सांभाळावी लागतात. भावंडांना बंदी म्हणजे मुलींनाच बंदी, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मग कोपऱ्यात एक सतरंजी टाकली. त्यावर बाटल्यांची बुचं, लाकडी ठोकळे, जुनी चित्रं ठेवली. आठवड्याभरात मुली परत आल्या.

दुसरी चूक जास्त मोठी. पहिला महिना मी त्या तासाचा वर्गच केला होता. कृतिपत्रिका, पाढे, श्रुतलेखन. सवयच ती! मुलं एकेक करून गळायला लागली. दिवसभर जे केलं तेच संध्याकाळी कोण करेल? तुम्ही तरी कराल का? मग मी ठरवलं की या तासात काय करायचं ते मुलांनी निवडायचं. माझं काम साहित्य मांडायचं आणि मदत मागितली तर करायची. यानंतर मला मुलांना बोलवायची गरज पडली नाही.

साधनं लागतात, पण कुठली?

असा विषय निघाला की पहिलं वाक्य येतं, "निधी कुठाय?" माझा अनुभव असा की महागडं साहित्य येतं आणि कपाटात जातं. आमच्याकडे टॅब आले होते. हरवतील, फुटतील या भीतीने ते कुलुपात राहिले आणि चार्जिंग न करता बिघडले. जे हाताला लागतं, मोडलं तर चालतं, तेच खरं साधन.

वाचायला: बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय. त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी चित्रगोष्टी मोफत मिळतात आणि छापायलाही परवानगी आहे. मी दर महिन्याला थोड्या गोष्टी छापून, दोऱ्याने शिवून ठेवते. फाटल्या तर पुन्हा छापते.

करून बघायला: अरविंद गुप्ता यांची टाकाऊपासून खेळण्यांची पुस्तकं आणि व्हिडिओ मराठीतही आहेत. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे छोटे तुकडे आणि काडेपेटीच्या काड्या एवढ्यावर त्रिकोण, चौकोन, घन, घर असं सगळं होतं. चौकोन दाबला की वाकडा होतो आणि त्रिकोण होत नाही, हे आमच्या तिसरीच्या मुलाने स्वतः शोधलं आणि मग घराच्या छपराला त्रिकोण का असतो ते सगळ्यांना सांगत सुटला. खर्च वीस-तीस रुपये. (काड्यांचा गूल आधी मोठ्या माणसाने काढून टाकायचा, हे विसरू नका.)

खेळायला: लगोरी, सागरगोटे, काचापाणी, विटीदांडू. यांचे नियम आजीलाच नीट माहीत असतात. आजीला बोलवा. आमच्याकडे एक आजी आली आणि नंतर रोजच यायला लागली.

पण साहित्याच्या आधी दोन गोष्टी लागतात, जागा आणि माणूस.

जागा आपल्याकडे आहे, फक्त तिला कुलूप आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही शाळेच्या वेळेनंतर इमारतीचा उपयोग समाजासाठी 'सामाजिक चेतना केंद्र' म्हणून करता येईल असं म्हटलं आहे. आपण घाबरतो की काही मोडलं तर जबाबदार कोण? म्हणून समितीचा ठराव हवा, नोंदवही हवी, आणि एकच खोली उघडायची. आमच्याकडे किल्ली पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंकडे असते. त्यांचं घर शाळेला लागून आहे.

माणूस म्हणजे रोज येणारा माणूस. गावात बारावी झालेली, कॉलेजला जाऊन-येऊन करणारी मुलगी असतेच. तिला प्रेमाने सांगितलं तर ती दोन महिने येईल. वर्षभर यायला हवी असेल तर मानधन द्या. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नाचा १० टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. ग्रामसभेत हा विषय मांडा. तिला फुकट राबवून "सेवा" म्हणू नका, हे मी हात जोडून सांगते.

आणि सुरक्षितता. बंद दाराआड एकटा मोठा माणूस आणि मुलं असं कधीच नको. शक्यतो दोन मोठी माणसं हवीत. अंधार पडायच्या आत तास संपवायचा, लांब वस्तीवरच्या मुलांनी गटाने जायचं. या गोष्टी जमत नसतील तर तास सुरूच करू नका.

जी मुलं शाळेतच नाहीत, त्यांचं काय?

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला कुरणशाळा चालवल्या. गुरं राखणारी मुलं शाळेत येऊ शकत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यायची. डीएडला आपण हे दोन गुणांसाठी पाठ केलं होतं. मला त्याचा अर्थ बऱ्याच उशिरा कळला.

आमच्या गावात एक ११ वर्षांचा मुलगा शेळ्या राखायचा. पटावर नाव होतं, वर्गात नव्हता. मी तीनदा घरी जाऊन आले. उपयोग शून्य. संध्याकाळचा तास सुरू झाल्यावर तो कुंपणाबाहेर उभा राहून लगोरी बघायचा. एक दिवस चेंडू बाहेर गेला, त्याने तो परत फेकला आणि पाठोपाठ स्वतःही आत आला. लगोरीत त्याचा नेम सगळ्यात पक्का. महिन्याभरात गुण मांडायचं काम त्याच्याकडे आलं, कारण भांडणं तोच मिटवायचा. गुण मांडायचे म्हणून आकडे, नावं लिहायची म्हणून अक्षरं. पुढे तो सकाळीही यायला लागला. कायद्यातल्या चौथ्या कलमाप्रमाणे अशा मुलाला वयानुरूप वर्ग आणि विशेष प्रशिक्षण मिळतं, ते आम्ही सुरू केलं.

गोष्ट इथे गोड संपत नाही. दिवाळीनंतर तो आई-वडिलांबरोबर ऊसतोडीला गेला. हंगामी वसतिगृहात ठेवा म्हणून मी खूप विनवलं, पण धाकट्या बहिणीला फडावर कोण सांभाळणार? शिक्षण हमी कार्ड हातात देऊन पाठवला. एप्रिलमध्ये परत आला तेव्हा सकाळच्या शाळेत नाही, संध्याकाळच्या लगोरीला आला. दोन दिवसांनी सकाळी. अशा मुलाला परत आत यायला लाज वाटते. सकाळच्या वर्गात "इतके दिवस कुठे होतास?" हा प्रश्न असतो, लगोरीत नसतो. म्हणून शाळाबाह्य मुलांसाठी संध्याकाळचं हे दार फार महत्त्वाचं आहे असं मी म्हणते.

सगळं शिक्षकानेच करायचं का?

नाही. आधीच सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती, निवडणुकीची कामं आहेत. मला बीएलओचं काम लागलं तेव्हा आमचा तास दीड महिना बंद पडला. माझीही मुलगी संध्याकाळी घरी वाट बघत असते. शिक्षकावर उभा राहिलेला उपक्रम बदलीबरोबर संपतो, हे तुम्हीही पाहिलं असेल. आणि याचा आदेश निघाला तर आठवड्यातून तीन फोटो अपलोड करणं एवढंच शिल्लक राहील. म्हणून हे काम गावाचं व्हायला हवं. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये ठरवलं की संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजला की दीड तास टीव्ही-मोबाईल बंद. ते गावाने ठरवलं, म्हणून चाललं. आपण शिक्षकांनी सुरुवात करून द्यावी आणि वर्षभरात किल्ली गावाच्या हातात द्यावी.

चांगलं चाललंय की नाही ते कसं ओळखायचं? मी तीनच प्रश्न विचारते. मूल न बोलवता येतं का? आज त्याने एक तरी गोष्ट स्वतः निवडली का? आणि ज्याला सकाळी वर्गात कुणी विचारत नाही, त्याला इथे कुणी विचारतं का? अहवालात यासाठी रकाना नाही, पण मी माझ्या वहीत लिहून ठेवते.

तुम्ही लगेच काही सुरू करा असं मी म्हणत नाही. या आठवड्यात एक दिवस शाळा सुटल्यावर अर्धा तास थांबा. पायरीवर किती मुलं बसतात ते मोजा आणि त्यांना विचारा, "घरी कोण आहे रे?" या वेळी उत्तर पूर्ण ऐका.