संगणकाशी गट्टी : मूळ फोटो कुठे लपला?



समजा, आंगणेवाडीच्या जत्रेत काढलेला आजीचा फोटो मोठा करून भिंतीवर लावायचा आहे. फोटो मोबाईलवर आलेला आहेच. पण स्टुडिओवाले काका म्हणतात, "हा नको, ओरिजिनल आणा." असं का बरं?

फोटो म्हणजे रंगीत ठिपक्यांची रांगोळी! आडवे 4000 आणि उभे 3000 ठिपके असतील, तर करा गुणाकार. झाले 1 कोटी 20 लाख! व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवताना फोटो लहान केला जातो. समजा 1600 गुणिले 1200 उरले, तर ठिपके फक्त 19 लाख 20 हजार. चांगल्या छपाईला एका इंचात 300 ठिपके लागतात. म्हणजे मूळ फोटो 13 इंच रुंद छापता येईल, लहान केलेला जेमतेम 5 इंच. त्याहून ताणला, की आजीचा चेहरा धूसर!

मूळ फाईल घरच्या संगणकात असू शकते. आई-बाबांना शेजारी बसवा आणि व्हा गुप्तहेर!

1. विंडोजचं बटण दाबून ठेवा आणि 'ई' दाबा. 'धिस पीसी' उघडून शोधचौकटीत 'जेपीजी' ही तीन इंग्रजी अक्षरं लिहा. थोडा धीर धरा.

2. सापडलेले फोटो आकारानुसार लावा. एकाच फोटोच्या दोन फाईली दिसल्या, तर मोठी ती बहुधा मूळ.

3. नावात 'डब्ल्यूए' किंवा व्हॉट्सअ‍ॅप दिसलं, की ती नक्कल समजा.

4. उजवं बटण दाबून 'प्रॉपर्टीज', मग 'डिटेल्स' पाहा. फोटो काढल्याची तारीख नि कॅमेऱ्याचं नाव असेल, तर भक्कम पुरावा मिळाला!

5. 'ओपन फाईल लोकेशन' दाबा. फाईल कुठल्या फोल्डरात आहे ते कळेल. 'डीसीआयएम' नावाचा फोल्डर दिसला, तर तो कॅमेऱ्यातून उतरवलेला असतो.

6. तरी नाही सापडला? 'रिसायकल बिन' उघडा.

जुना संगणक विकण्याआधी किंवा फॉरमॅट करण्याआधी हे करायलाच हवं. नंतर "फोटो खंय गेलो?" म्हणून उपयोग नाही! आपल्या किनाऱ्यावरची खारी हवा यंत्रं गंजवते. मे 2021च्या तौक्ते वादळात कितीतरी घरांची छपरं उडाली. म्हणून मूळ फाईलची एक प्रत पेनड्राईव्हवर घ्या आणि तो मामाकडे किंवा आत्याकडे ठेवा. संगणकातली फाईल मात्र पुसू नका हं!

या रविवारी घरातला सर्वांत जुना फोटो शोधा. त्यात कोण कोण आहे, ते आजोबांना विचारून वहीत लिहून ठेवा. ते काही संगणकाला ठाऊक नसतं!

तुमच्या बाई